पॉवर मीटरचे वॉट पुन्हा पुन्हा चुकतात तेव्हा

पेडल मारण्याची ताकद वॉटमध्ये मोजणारा सायकलीवरचा पॉवर मीटर बिघडला म्हणून माझ्याकडे येणारी बहुतेक माणसे ‘आकडे चुकतात’ एवढेच सांगतात. सुरुवातीची काही वर्षे मीही तेवढ्यावरच कामाला लागत असे आणि सेल बदलण्यात व झीरो करण्यात (जोर नसतानाचे शून्य पुन्हा ठरवण्यात) अख्खी सकाळ जात असे. आता हत्याराला हात लावण्यापूर्वी मी चूक नेमकी कोणत्या स्वरूपाची आहे ते विचारतो, कारण ते कळले की निम्मे काम होते.

लक्षणे

हळू चालवताना २० वॉट जास्त आणि घाट चढतानाही साधारण २० वॉटच जास्त दिसत असतील, तर शून्य सरकलेले असते. १५० च्या जागी १५७ आणि ३०० च्या जागी ३१५, म्हणजे चूक टक्केवारीने वाढत असेल, तर क्रँकची, म्हणजे पेडल ज्याला बसते त्या दांड्याची, लांबी चुकीची भरलेली असते, मोजलेला जोर ज्या आकड्याने गुणून दाखवला जातो तो मीटरचा गुणक बिघडलेला असतो किंवा तुलनाच चुकीच्या उपकरणाशी चाललेली असते. आकडा अचानक निम्म्यावर आला, तर जोडीच्या पेडलांपैकी एकाचा संपर्क तुटलेला असतो. मध्येच शून्य किंवा मध्येच १५०० वॉट दिसत असतील, तर सेल, सेलचा संपर्क किंवा रेडिओ जोडणी तपासावी लागते. पहाटे बरोबर असलेला आकडा दहा वाजेपर्यंत भरकटत असेल, तर ते तापमानाचे काम असते. आणि सायकल सर्व्हिसिंगहून आल्याच्या दिवसापासून आकडे बदलले असतील, तर बहुतेक वेळा कुठला तरी बोल्ट कारणीभूत असतो.

चुकीच्या स्वरूपाला मी एवढे महत्त्व का देतो, हे समजण्यासाठी मीटर काय मोजतो ते पाहावे लागेल. क्रँक, पेडलचा आस किंवा स्पायडर (क्रँकला जोडलेला, पुढची दात्यांची चाके धरणारा भाग) यांवर चिकटवलेले स्ट्रेन गेज धातूचा अतिशय सूक्ष्म ताण मोजतात. त्यावरून टॉर्क, म्हणजे क्रँक फिरवणारा जोर, काढला जातो आणि टॉर्कला फिरण्याच्या वेगाने गुणले की वॉट मिळतात. मिनिटाला ९० फेऱ्यांच्या कॅडेन्सला फिरण्याचा हा वेग सुमारे ९.४ असतो. म्हणजे शून्य फक्त १ न्यूटन मीटरने सरकले तरी आकडा ९.४ वॉटने चुकतो, आणि फक्त डाव्या क्रँकवर मोजून दुप्पट करणाऱ्या मीटरमध्ये तीच चूक जवळजवळ १९ वॉटची होते. १०० वॉटच्या सावकाश फेरीत ही चूक फार मोठी असते, तर ३०० वॉटला ती चटकन लक्षातही येत नाही. म्हणून तपासणी नेहमी एका कॅडेन्सला, किमान दोन वेगवेगळ्या जोरांवर करावी.

बिघाड खरोखर आहे का?

उत्पादक साधारणपणे अधिक-उणे १ ते २ टक्के अचूकता सांगतात. खरे वॉट २५० असताना २ टक्क्यांचा एक मीटर २४५ आणि दुसरा २५५ दाखवू शकतो, आणि दोन्ही आपापल्या शब्दाला जागलेले असतात. शिवाय ते दोन मीटर वेगवेगळ्या ठिकाणी मोजत असतील, तर फरक असायलाच हवा. पेडलवर आपल्या पायाचा जोर मोजला जातो. ट्रेनरपर्यंत (घरात सायकल जागेवरच चालवण्याच्या, स्वतः वॉट मोजणाऱ्या यंत्रापर्यंत) तोच जोर साखळी, दात्यांची चाके आणि बेअरिंग यांतून जातो आणि वाटेत दोन-तीन टक्के खर्च होतो, मळकट साखळीत त्याहून जास्त. त्यामुळे पेडल २०० आणि ट्रेनर १९५ दाखवत असेल, तर दोन्ही बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. ट्रेनर पेडलपेक्षा जास्त दाखवू लागला, तर मात्र मी दोहोंपैकी एकावर निश्चित संशय घेतो.

एकाच पायाचे मीटर वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तुमचा डावा पाय ४८ टक्के काम करत असेल, तर १०० च्या जागी ९६ दिसणार, आणि हे प्रमाण थकव्याने बदलत असेल, तर चूकही फेरीच्या शेवटी बदललेली असेल. हा बिघाड नव्हे, आणि कोणत्याही दुरुस्तीने तो जाणार नाही. अंडाकृती चेनरिंग (पुढचे दात्यांचे चाक) बसवल्यावर वॉट वाढलेले दिसले, तर तेही मीटरच्या पद्धतीमुळे असू शकते, कारण पेडलच्या एका वळशात वेग एकसारखाच असतो असे धरून चालणारे मीटर अशा चेनरिंगवर जास्त आकडा देतात.

मग या मीटरचा उपयोग किती, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझे मत स्पष्ट आहे. सराव आखण्यासाठी आणि २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीत) पहिल्याच घाटावर ताकद संपू नये म्हणून, रोज सारख्याच प्रमाणात ३ टक्के चुकणारा मीटर पूर्ण उपयोगाचा असतो. आज २ टक्के वर आणि उद्या ४ टक्के खाली जाणाऱ्या मीटरवरून मात्र काहीच ठरवता येत नाही. खालच्या बहुतेक तपासण्या त्या दुसऱ्या प्रकारच्या मीटरसाठी आहेत.

पैसे न खर्चता करायच्या तपासण्या

सर्वांत आधी सायकल कॉम्प्युटरची सेटिंग पाहा. नोंद दर सेकंदाला होत आहे ना, आणि वॉटची सरासरी काढताना पेडल न मारलेला वेळ शून्य म्हणून धरला जातो ना? उतारावरचे शून्य वगळले गेले, तर सरासरी फुगते आणि ‘मीटर जास्त दाखवतो’ अशी तक्रार तयार होते. क्षणाक्षणाच्या आकड्यांची तुलनाही करू नका. दोन उपकरणे सरासरी वेगवेगळ्या पद्धतीने काढतात, म्हणून पाच किंवा दहा मिनिटांची सरासरीच ताडून पाहा.

त्यानंतर क्रँकची लांबी. पेडलमधला मीटर फक्त बल मोजतो आणि भरलेल्या लांबीने गुणून टॉर्क काढतो, म्हणून तिथे ही लांबी बरोबर असलीच पाहिजे. क्रँकवर किंवा स्पायडरवर बसवलेल्या मीटरमध्ये टॉर्कच मोजला जातो, त्यामुळे तिथे या सेटिंगमागे लागण्यात अर्थ नाही. एका सायकलस्वाराने गुडघ्याच्या दुखण्यामुळे १७२.५ मिलिमीटरचे क्रँक काढून १६५ चे बसवले होते आणि पेडल तीच ठेवली होती. पुढचे चार आठवडे तो आपली ताकद वाढली म्हणून आनंदात होता. २२० वॉटला त्याचा कॉम्प्युटर २३० दाखवत होता, म्हणजे साडेचार टक्के जास्त, आणि लांबीतला फरकही तेवढाच आहे. ॲपमध्ये लांबी दुरुस्त केल्यावरही आठवड्याने तीच तक्रार परत आली, तेव्हा कळले की त्याचा सायकल कॉम्प्युटर जोडणी होताच स्वतःकडची जुनी लांबी मीटरला कळवत होता. म्हणून लांबी दोन्ही ठिकाणी पाहावी, आणि ती क्रँकच्या आतल्या बाजूला कोरलेली असते तिथून वाचून भरावी.

झीरो करणे

झीरो ऑफसेट म्हणजे पेडलवर जोर नसताना मीटरने ‘हे शून्य’ असे मानणे. कॉम्प्युटरवर त्याला कॅलिब्रेशन म्हटलेले असते, आणि त्या शब्दामुळे गैरसमज होतो. झीरो केल्याने सरकलेले शून्य जागेवर येते, पण टक्केवारीची चूक त्याने कधीच दुरुस्त होत नाही.

झीरो करताना होणारी मुख्य चूक तापमानाची असते. हिवाळ्यात गरम घरातून सायकल बाहेर काढून, किंवा उन्हात तापलेल्या गाडीतून उतरवून, माणसे लगेच झीरो करतात. धातू आणि त्यावर चिकटवलेले गेज तापमानाबरोबर कमी-अधिक पसरतात. मीटरमध्ये त्यासाठी भरपाईची सोय असते, पण अर्धे गरम आणि अर्धे गार असलेल्या क्रँकपुढे ती अपुरी पडते. सायकल बाहेर १५ ते २० मिनिटे सावलीत उभी राहू द्या. मग पाय पेडलवरून पूर्ण काढा, क्रँक उत्पादकाने सांगितलेल्या स्थितीत ठेवा आणि झीरो करा. पुण्यात डिसेंबरात पहाटे निघून ऊन तापल्यावर घाटाला लागलात, तर चढाच्या पायथ्याशी एक मिनिट थांबून पुन्हा झीरो करावा. काही मीटर पेडल न मारता सायकल सोडून दिल्यावर किंवा उलटे पेडल मारल्यावर आपोआप झीरो करतात. तुमचा तसा आहे का, ते माहितीपुस्तिकेत पाहून ठेवा.

झीरो झाल्यावर पडद्यावर येणारा आकडा लिहून ठेवण्याची सवय मी सगळ्यांना लावतो. तारीख, अंदाजे तापमान आणि तो आकडा, एवढी एक ओळ पुरे. तो आकडा स्वतः किती आहे याला महत्त्व नाही, कारण प्रत्येक मीटरचा वेगळा असतो. तो तापमानाबरोबर थोडा हलून पुन्हा ठिकाणावर येत असेल, तर मीटर निरोगी आहे. लागोपाठ तीनदा झीरो केल्यावर तीन निराळे आकडे येत असतील किंवा आकडा आठवडोन्‌आठवडे एकाच दिशेला सरकत असेल, तर बिघाड आत आहे. मी हातात घेतलेल्या मीटरपैकी निकामी होऊ घातलेले बरेच मीटर या वहीनेच आधी दाखवून दिले.

सेल, ओल आणि रेडिओ

आता थोडा खर्च. सीआर २०३२ सारख्या लिथियम सेलचा विद्युत दाब आयुष्यभर जवळजवळ सपाट राहतो आणि अखेरीस एकदम कोसळतो, म्हणून ‘बॅटरी ठीक’ या सूचनेवर विसंबू नये. गारठ्यात तो आणखी लवकर खाली येतो. आकडे गळत असतील, तर कोऱ्या पाकिटातला, ओळखीच्या दुकानातून घेतलेला सेल घालून पाहा. ज्या पेडलांत ४४ क्रमांकाचे छोटे सेल लागतात, तिथे अल्कलाइन एलआर ४४ ऐवजी सिल्व्हर ऑक्साइडचे एसआर ४४ वापरा, कारण त्यांचा दाब अखेरपर्यंत टिकतो. मुलांनी गिळू नयेत म्हणून काही बटण सेलांवर कडू लेप दिलेला असतो आणि तो संपर्काच्या आड येतो. सेल नवा असूनही मीटर जागा होत नसेल, तर कापडाने तो पुसून पाहा.

झाकण उघडलेच आहे, तर आत भिंगातून पाहा. मागच्या पावसाळ्यात आलेल्या एका पेडलच्या झाकणातली पितळी पट्टी वरून चकचकीत होती, पण सेलला टेकते त्या टोकावर मोहरीएवढा हिरवट ठिपका होता. सायकल खड्ड्यात आपटली की तेवढाच ठिपका सेलखाली येई आणि उजवे पेडल दोन सेकंद गप्प होई. मालकाने तोवर तीन सेल बदलले होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने ठिपका निघाला, पट्टी किंचित वर उचलली, झाकणाची चिरलेली ओ-रिंग बदलली आणि तक्रार संपली. पाण्याचा जोराचा फवारा मीटरवर कधीही मारू नये, आणि भिजलेल्या फेरीनंतर झाकण उघडून एक रात्र कोरड्या जागी ठेवावे.

रेडिओ जोडणीत मला दोनच चुका वारंवार दिसतात. ब्लूटूथवर बरेच मीटर एका वेळी एक-दोन उपकरणांशीच बोलतात. खिशातल्या फोनवर मीटरचे ॲप उघडे राहिले, तर कॉम्प्युटरला मीटर सापडतच नाही. ॲन्ट प्लस या दुसऱ्या रेडिओ पद्धतीवर ही अडचण येत नाही, कारण तिथे कितीही उपकरणे ऐकू शकतात, पण गटात निघताना शेजाऱ्याचा मीटर जोडला जाण्याची शक्यता राहते. घरी, आजूबाजूला दुसरी सायकल नसताना जोडणी करा आणि मीटरचा क्रमांक ताडून घ्या.

पाना हातात घ्यावा लागतो तेव्हा

ताण मोजणारा भाग सायकलला घट्ट आणि दरवेळी सारखाच धरलेला असला तरच मोजमाप खरे येते. शिमानोच्या होलोटेक २ पद्धतीच्या डाव्या क्रँकला दोन आडवे बोल्ट असतात, ते आलटून-पालटून १२ ते १४ न्यूटन मीटरपर्यंत आवळायचे असतात. त्यांच्याआधी बसणारी प्लॅस्टिकची टोपी मात्र हलक्या हातानेच, ०.७ ते १.५ न्यूटन मीटर इतकीच. टोपी जोरात आणि बोल्ट अंदाजाने आवळलेला क्रँक मी इतक्यांदा पाहिला आहे की सर्व्हिसिंगनंतरच्या तक्रारीत पहिला पाना तिथेच लावतो. टॉर्क रेंच नसेल, तर ही तपासणी दुकानात करून घ्या.

पेडलच्या आट्यांना थोडे ग्रीस लावून ते माहितीपुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने बसवा, आणि पेडलचा इलेक्ट्रॉनिक भाग क्रँकला घासत असेल, तर सोबतचा वॉशर घाला. नव्याने बसवलेले पेडल, क्रँक किंवा चेनरिंग पहिल्या काही जोरदार झटक्यांत आपली जागा घेते. म्हणून आधी चार-पाच वेळा उभे राहून पूर्ण ताकदीने पेडल मारावे आणि मगच झीरो करावा. स्पायडरवरचा मीटर असेल, तर चेनरिंगचे बोल्ट समान आवळलेले आहेत ना ते पाहा. जर्मनीत उलरिख शोबेरर यांनी १९८६ मध्ये एसआरएमचा मीटर आणला, तो याच जागी मोजणारा होता, आणि चेनरिंग बदलल्यावर झीरो नव्याने करण्याचा नियम आजही तिथे लागू आहे. डाव्या क्रँकवरची मीटरची डबी सायकलच्या मागच्या नळीला घासत नाही ना, हेही रंगावरच्या ओरखड्यावरून कळते.

चूक टक्केवारीची आहे का, हे ठरवणे

यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला घाटाचा. सिंहगडासारखा सलग चढ, वारा नसलेली पहाट आणि उंचीची खात्रीची नोंद हवी. पाण्यासकट माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो असतील आणि ३० मिनिटांत ३०० मीटर उंची गाठली असेल, तर केवळ वजन वर नेण्यासाठीच सरासरी सुमारे १३९ वॉट लागतात. टायरचे घर्षण, हवा आणि साखळीतला खर्च त्यावर धरावा लागतो, तो धिम्या चढावर बहुधा २० ते ३० वॉटच्या आसपास जातो. अशा चढावर मीटर १३० दाखवत असेल, तर त्याची बाजू घेण्यासारखे काही उरत नाही. १७० दाखवला, तर या मार्गाने त्याला दोषी ठरवता येत नाही.

दुसरा मार्ग वजन टांगण्याचा, आणि तो अधिक नेमका आहे. मीटरच्या ॲपमध्ये थेट टॉर्क दिसत असेल तरच तो करा. जिमच्या प्लेटवर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. मी किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करून घेतले, तेव्हा २० किलो लिहिलेली प्लेट १९.४ भरली. झीरो करा, मागचा ब्रेक पट्ट्याने बांधून चाक जखडा, क्रँक पाणसळ लावून आडवा करा आणि वजन नसतानाचा टॉर्क लिहा. मग पेडलच्या बरोबर मध्यावर वजन टांगून पुन्हा वाचा. नेमके २० किलो आणि १७० मिलिमीटरचा क्रँक असेल, तर फरक ३३.२५ न्यूटन मीटर यायला हवा. यात गुरुत्वाचा आकडा मी ९.७८ धरला आहे. पुस्तकातल्या ९.८१ पेक्षा तो आपल्या अक्षांशाला जवळचा आहे. क्रँक १० अंश कलला, तर दीड टक्का इथेच हरवतो, म्हणून पाणसळ टाळू नका. एकाच पायाचे काही मीटर दुप्पट केलेला आकडा दाखवतात, तेही लक्षात घ्या.

हे तीन वेगळ्या दिवशी करून तिन्ही वेळा एकाच दिशेला सारखीच चूक आली, तरच ती मीटरची. काही ॲपमध्ये गुणक बदलता येतो, पण जुना आकडा लिहून ठेवल्याशिवाय आणि या तीन नोंदींशिवाय त्याला हात लावू नये. एका फेरीच्या संशयावरून बदललेला गुणक नंतर कुणालाच सावरता येत नाही.

इथे थांबा

क्रँकवर किंवा पेडलच्या आटीजवळ केसासारखी भेग दिसली, कार्बनच्या क्रँकमधून कटकट आवाज येऊ लागला किंवा पेडलच्या आट्या झिजल्या असतील, तर मीटरचा विचार सोडा आणि त्या सायकलवर बसू नका. उभ्याने जोर लावताना तुटलेला क्रँक माणसाला थेट रस्त्यावर आपटतो. चार्ज होणारी बॅटरी फुगली असेल किंवा चार्ज होताना फार तापत असेल, तर चार्जर काढा, घरात ठेवू नका आणि सर्व्हिस केंद्राला विचारा. स्ट्रेन गेजवरचे चिकट आवरण नखानेही खरवडू नका. त्याच्या आतले काम टेबलावर बसून होत नाही, आणि आवरण फुटले की आत ओल जाते व सहसा हमीही संपते. सीलबंद डबीत पाण्याचे थेंब दिसत असतील, लागोपाठच्या झीरोंचे आकडे जुळत नसतील किंवा वजनाच्या परीक्षेत तिन्ही वेळा ३ टक्क्यांहून जास्त चूक आली असेल, तर मीटर उत्पादकाच्या सर्व्हिस केंद्राकडेच पाठवा.

पाठवताना झीरोच्या नोंदींची वही, वजनाच्या परीक्षेचे तीन आकडे, फर्मवेअरचा (मीटरमधल्या सॉफ्टवेअरचा) क्रमांक आणि चूक दाखवणाऱ्या एका फेरीची मूळ फाइल सोबत द्या. यामुळे केंद्रातल्या माणसाला ‘आमच्याकडे बरोबर चालतो’ असे लिहून मीटर परत करता येत नाही. मीटर परत येईल तेव्हा बसवण्यापूर्वी क्रमांक तपासा, तोच आला आहे की बदलून मिळाला आहे ते विचारा आणि नवा गुणक लेखी मागून घ्या. त्यानंतरची पहिली झीरोची नोंद वहीच्या नव्या पानावर सुरू करा, कारण जुन्या आकड्यांशी तिची तुलना होत नाही.